चढावरची मोटर आणि पायी चालणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

लोकल ट्रेनमधून उतरून थोडं चाललं की जंगल सुरू होतं, असं मुंबईइतकं मोठं शहर शोधून सापडणार नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांकडे सहा-सात किलोमीटरचा रस्ता जातो. सकाळी त्या रस्त्यावर कोण नसतं? हळूहळू चालणारे आजी-आजोबा, पळणारी पोरं, सायकलवाले, पाड्यांवरून कामाला निघालेल्या बाया. जाड टायरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या माउंटन बाइक आता मुंबईतल्या दुकानांत सहज मिळतात. त्यांना असल्या सगळ्यांच्या वाटांवर येऊ द्यावं का, हा आजचा विषय.

माझं मत आधीच सांगते. रुंद रस्त्यावर त्यांना येऊ द्यावं, अरुंद पायवाटेवर नाही. आणि जिला थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी पिळायची मूठ आहे, तिला जंगलात कुठेच जागा नसावी.

थ्रॉटलबद्दल मी इतकी आग्रही का, ते ऐका. चांगल्या ई-माउंटन बाइकची मोटर पॅडलच्या मधोमध बसवलेली असते. पॅडलवर पायाचा दाब किती पडतोय, ते एक सेन्सर मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात जोर लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. थ्रॉटलला पायांची गरजच नाही. मूठ पिळली की गाडी पळते, म्हणजे ती छोटी स्कूटरच झाली. युरोपात नियम असा की मोटर २५० वॅटची, मदत फक्त पॅडल मारताना, आणि तीही ताशी २५ किलोमीटरला बंद. आपले केंद्रीय मोटार वाहन नियमही २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर हीच मर्यादा धरतात. पण त्या मर्यादेत बसली की पॅडलवाली काय आणि थ्रॉटलवाली काय, कायद्याच्या लेखी दोन्ही मोटार वाहन ठरत नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. शहरातल्या रस्त्यावर हे ठीक आहे. जंगलाच्या दारावर मात्र हा फरक कुणीतरी करायलाच हवा, कारण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सायकलींना थ्रॉटल असतोच.

ई-बाइकमुळे वाटा उखडतात, अशी तक्रार नेहमी होते. अमेरिकेत माउंटन बाइकवाल्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये याची एक छोटी चाचणी घेतली. पॅडलवाल्या ई-बाइकने आणि साध्या माउंटन बाइकने माती जवळपास सारखीच हलली, मोटरसायकलने मात्र कितीतरी जास्त. सह्याद्रीतला जुलैचा पाऊस आणि निसटता मुरूम त्या चाचणीत नव्हता, म्हणून तेवढ्यावर मी निर्धास्त होणार नाही. पावसाळ्यात ओल्या मातीच्या वाटांवर कुठलीच सायकल नेऊ नये, बॅटरी असो वा नसो.

माझी खरी काळजी चढाची आहे. उतारावर सगळ्याच सायकली वेगात येतात आणि चालणाऱ्यालाही ते माहीत असतं. चढावर साधी सायकल ताशी सहा-आठ किलोमीटरने, धापा टाकत येते. तिचा आवाज ऐकू येतो, बाजूला व्हायला वेळ मिळतो. ई-बाइक तोच चढ ताशी वीसने चढू शकते. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोरून कुणी चालत उतरत असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला पावणेसात मीटरने कमी होतं. करवंदीच्या जाळीमागचं वळण, पुढे दिसतं पंधरा मीटर, हातात उरतात जेमतेम दोन सेकंद. समोर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई असेल, तर ती कुठे सरकणार? आणि ई-बाइकचं वजन वीस-पंचवीस किलो, वर माणूस.

तीच गोष्ट प्राण्यांची. २०१६ साली अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कजवळच्या जंगलात एक माउंटन बाइकस्वार ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा जीव गेला. ती सायकल साधीच होती. मुद्दा वेगाचा आणि अचानक समोर येण्याचा आहे. आपल्या जंगलात बिबटे आहेत. माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा ते स्वतःच वाट सोडतात. ती चाहूल लागायला वेळ तर मिळाला पाहिजे.

मग सरसकट बंदीच का नको? कारण ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना हृदयविकारानंतर डॉक्टरांनी बेताने व्यायाम करा म्हणून सांगितलंय, त्यांना कान्हेरीचा शेवटचा चढ मोटरच्या मदतीने स्वतःच्या पायांनी पार करता येतो. हे मला फार मोलाचं वाटतं. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, तरीही हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल थांबावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाची खरी गरज असेल तर नियमात जागा काढता येते, आणि काढावी.

सायकलवाल्या मित्रांना एक आठवण करून द्यायची आहे. माउंटन बायकिंग जिथे रुजलं, त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत ऐंशीच्या दशकात अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. चालणारे आणि घोडेस्वार तेव्हा सायकलींबद्दल जे बोलत होते, तेच आज साधे सायकलवाले ई-बाइकबद्दल बोलतात. म्हणून चिडचिड करण्यापेक्षा वाटेचं माप घेऊ या. दोन माणसं आणि एक सायकल शेजारी-शेजारी मावत असतील तिथे ई-बाइक येऊ द्या, चढावरही वेगाची मर्यादा पाळून आणि घंटी वाजवत. उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेसारख्या पायवाटा किंवा ठाण्याच्या बाजूच्या येऊरच्या रानातल्या मळवाटा पायांसाठीच राहू द्या.

आणि फलक लावण्याआधी पाड्यांवरच्या लोकांना विचारा. आपण तिथे रविवारी फिरायला जातो. त्यांची मुलं रोज त्याच वाटेने शाळेत जातात. कुठलं वळण आंधळं आहे, पावसात कुठली वाट ओढा होते, बिबट्या कुठे ओलांडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. या विषयावरच्या बैठकीत सायकलवाले असतील, सकाळी फिरायला येणारे असतील, वनखात्याचे अधिकारी असतील. पाड्यांवरच्या माणसांसाठीही तिथे खुर्ची हवी, आणि त्यांचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकलं जावं.

नमस्कार.