‘ब्राका निघालं’ असं म्हणू नका!

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न कितीतरी जणींनी विचारलाय: “ब्राका जनुक असलं की ब्रेस्ट कॅन्सर होतोच का?” आज फक्त त्यावरच बोलू.

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती, हे शाळेत झालंय. पुढे.

ब्राका-१ (BRCA1) हे जनुक माझ्यात आहे, तुमच्यात आहे, पुरुषांतही आहे. १७व्या गुणसूत्रावर, एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. ते कॅन्सर करत नाही, थोपवतं.

ही कागदाची पट्टी बघा. मधोमध फाडली. डीएनए असाच आरपार तुटतो. ब्राका-१ धड असेल तर पेशी दुसऱ्या अखंड पट्टीवरून बघून अक्षराला अक्षर जुळवते. नसेल तर टोकाला टोक डकवून मोकळी होते, मधली चार अक्षरं गेली. अशा चुका साठतात. मग एक दिवस पी-५३ सारख्या, वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातच चूक पडते, आणि पेशी थांबतच नाही.

माझ्या मावशीचा ब्राका चाचणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, “माझ्यात ते जनुक निघालं गं.” आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचा मला आजही राग येतो. मावशी, जनुक निघालं नाही, ते होतंच. त्याच्या एका प्रतीत बिघाड निघाला.

आणि दुसरी प्रत? ती काम करत असते. एखाद्या पेशीत तीही गेली, की तिथून गाठीची सुरुवात होऊ शकते. हा ‘दोन घावां’चा विचार आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडला, लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरवरून. म्हणून असा बिघाड असलेल्या बायकांत ८० वर्षांपर्यंतचा धोका साधारण ७० टक्के. खूप आहे, तपासण्या चुकवू नका. पण १०० नाही.

एका ताईंची कमेंट: “माहेरी आईकडे कुणालाच नाही, मग चाचणी कशाला?” ताई, वडिलांकडचं बघितलंत का? बिघाड वडिलांकडूनही येतो, शक्यता तितकीच, ५० टक्के. आत्यांची चौकशी करा.

ओलापॅरिब या कॅन्सरवरच्या औषधाबद्दलही विचारलंत. गाठीतल्या पेशींची बिनचूक दुरुस्ती आधीच बंद असते. हे औषध दुरुस्तीची आणखी एक वाट अडवतं, आणि त्या पेशी मरतात. बाकीच्या शरीरातल्या पेशी बहुतेक तगतात. का? त्यांच्याकडची दुसरी प्रत अजून शाबूत असते.