इम्प्लांटभोवतीचा पू आणि गोळ्यांचा कोर्स

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. 1965 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ब्रोनमार्क या संशोधकांनी तो पहिल्या रुग्णाला बसवला. हाड या धातूला घट्ट पकडतं, त्यावरच हा सगळा उद्योग उभा आहे. हिरडी मात्र तशी पकडत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतेक शेजारून नुसते जातात. त्यामुळे जंतू एकदा खाली उतरले की हाडापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे, हा संसर्ग फारसा दुखत नाही. ब्रश करताना रक्त येतं, हिरडी दाबली की पू येतो, तोंडाला वास येतो. माणूस मेडिकलमध्ये जातो आणि मागच्या वेळच्या ॲमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांच्या गोळ्या मागून घेतो. चार दिवसांत पू थांबतो. झालं, बरं वाटलं! पुढे कधीतरी एक्स-रे काढला, की स्क्रूचे वरचे आटे हाडाबाहेर आलेले दिसतात.

असं का होतं? जंतू सुटे फिरत नसतात. स्क्रूच्या आट्यांवर त्यांचा चिकट थर बसलेला असतो, पाण्याच्या टाकीच्या तळाशी धरतो तसा. त्या थरातल्या जंतूंना मारायला कधीकधी सुट्या जंतूंच्या शेकडो पट औषध लागतं, आणि गोळीतून तेवढं तिथे पोचत नाही. म्हणून थर आधी हाताने काढावा लागतो: क्युरेट म्हणजे खरवडायच्या हत्याराने, अल्ट्रासॉनिक म्हणजे कंप पावणाऱ्या यंत्राने, बारीक पावडरच्या फवाऱ्याने. त्यात इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो, हाडाने चांगलं धरावं म्हणून. तोच खडबडीतपणा सफाईच्या मुळावर येतो.

मग शस्त्रक्रिया करून, हिरडी उघडून साफ करताना तरी गोळ्या द्याव्यात का? गोथेनबर्गच्याच संशोधकांनी 100 रुग्णांवर हे पाहिलं. काहींना 10 दिवस ॲमॉक्सिसिलिन दिलं, काहींना नाही. वर्षभरानंतर खडबडीत इम्प्लांटना औषधाचा फायदा दिसला, गुळगुळीत इम्प्लांटना दिसला नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर तो फायदाही टिकलेला नव्हता. मला हा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे एका वर्षाच्या आकड्यांवरच टाळ्या वाजतात.

2023 मध्ये युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने मार्गदर्शक सूचना काढल्या. हिरडी न उघडता नुसती सफाई करताना सरसकट पोटातून प्रतिजैविकं देऊ नका, असं त्यांत म्हटलंय. आता तुम्ही विचाराल, 'मग इम्प्लांट बसवताना आम्हाला गोळ्या दिल्या होत्या त्या कशाला?' तो प्रश्न वेगळा. तिथे तासभर आधी 2 ग्रॅम ॲमॉक्सिसिलिनचा एकच डोस दिला, तर साधारण 25 जणांमागे एकाचं इम्प्लांट सुरुवातीलाच निघून येणं टळतं. त्यासाठी आठवडाभराचा कोर्स लागतोच असं नाही.

गोळ्या कुचकामी आहेत, असं मी म्हणत नाही. गालावर सूज पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे प्रतिजैविक हवंच, पण पूला वाटही करून द्यावी लागते. बाकी वेळी आधी डॉक्टरांना हिरडी आणि इम्प्लांटमधली फट किती खोल आहे ते मोजायला सांगा, जुना एक्स-रे शेजारी ठेवून हाड कुठवर आहे ते बघायला सांगा. मधुमेह असेल तर साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि सिगारेट ओढत असाल, तर विचारायच्या आधीच सांगून टाका.