मुठेलाचा गोळा आणि ‘नॅचरल’ची बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडायला लागली की आमच्या घरी माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा खाली यायचा. आत अंड्याएवढे, पिवळट पांढरे, दगडासारखे घट्ट गोळे असायचे आणि प्रत्येक गोळ्यावर आजीच्या बोटांच्या खुणा. मुठीत दाबून वळलेलं ते मुठेल, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. गोव्यात कोकमाला भिरंड म्हणतात, म्हणून तिकडे हेच भिरंडेल. मे महिन्यात आमसुलं घालून झाली की उरलेल्या बिया आजी उन्हात खडखडीत वाळवायची. मग सवडीने त्या फोडायच्या, टरफलं पाखडून टाकायची, आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटरटा उकळायचा. वर तवंग यायचा तो अलगद काढून घ्यायचा. निवत आला की तो हातात घेऊन वळायचा. पायलीभर बिया कुटल्या तरी गोळे मोजकेच व्हायचे, म्हणून त्या डब्याला आम्हां मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक होता.

आज मी औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काउंटरवर उभी असते. डिसेंबर-जानेवारीत दिवसातून चार-पाच वेळा तरी एक प्रश्न येतो, “ताई, अंगाला लावायला काहीतरी नॅचरल द्या हां, केमिकलवालं नको.” त्यामागची काळजी मला कळते. पण मी त्यांना आधी दुसरंच विचारते: तुमच्या कातडीला नेमकं काय कमी पडलंय?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, तळवे-टाचा सोडल्या तर, केसापेक्षाही पातळ असतो. आमच्याकडची चिऱ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे चिरे आणि त्यांच्यामधला लगदा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं हे स्निग्ध पदार्थ. कडक साबण, फार गरम पाण्याची आंघोळ आणि कोरडा वारा या तिघांनी हा लगदा झिजतो, आतलं पाणी उडून जातं आणि कातडी तडतडायला लागते. त्यावर लावायच्या वस्तू तीन तऱ्हेने काम करतात. ग्लिसरीन, मध, कोरफडीचा गर पाणी धरून ठेवतात. तेलं आणि तुपासारखे स्निग्ध पदार्थ फटी बुजवतात. मेण आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालतात. चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये बहुतेक वेळा या तिन्हींचा मेळ असतो. नुसता मध फासून कोरड्या हवेत बसलात तर त्याने धरलेलं पाणी टिकायचं नाही.

मुठेल मोलाचं ते इथे. त्यात स्टिअरिक आणि ओलिक ही दोन स्निग्धाम्लं मुख्य असतात. स्टिअरिकमुळे ते एरवी घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने चोळता चोळता पाघळतं. फटी बुजवायचं काम ते करतंच, थोडं झाकणही घालतं. शिवाय त्यात पाणी नसतं, त्यामुळे बुरशी धरत नाही. कोरडं ठेवलं तर एक गोळा सगळा हिवाळा पुरतो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने शहरातल्या एका दुकानातून क्रीम आणलं. खोक्यावर लालभडक कोकमाचं चित्र, खाली ‘नॅचरल कोकम बटर’ आणि किंमत पाचशेच्या वर. लावल्यावर दोन दिवसांत तिच्या गालांवर पुरळ उठलं. मी खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली. सुरुवातीला पाणी, मग चार-पाच घटक, त्यानंतर सुगंध आणि सुगंधाच्याही मागे ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’. हे आपल्या कोकमाचंच शास्त्रीय नाव. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कसेही. म्हणजे सुगंधामागे बसलेलं कोकम बहुधा चिमूटभरच! पुरळ कशाने उठलं हे खात्रीने सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय त्या सुगंधावर आहे. सुगंध फुलांपासून काढलेला असला तरी त्याची ॲलर्जी येऊ शकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चित्र बघू नका, पहिले पाच घटक वाचा. चेहऱ्यासाठी तर बिनवासाचंच घ्या.

सेंद्रिय म्हणजे झाड कसं वाढवलं ते, तुमच्या कातडीला ते मानवेल की नाही हे नव्हे. आमच्या परसातल्या कोकमावर कधी कुणी फवारणी केली नाही, पण त्याला प्रमाणपत्रही नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. मात्र ती खूण मुलखाची आहे, सेंद्रियतेची नाही. विकतच्या क्रीमवर सेंद्रिय असल्याचा दावा असेल तर कॉसमॉस किंवा इकोसर्टसारखी सेंद्रिय प्रमाणपत्राची खूण शोधा.

आता बाळांबद्दल, कारण हे मला फार मनापासून सांगायचं आहे. तान्ह्या मुलांच्या मालिशीला हल्ली ऑलिव्ह तेल आणतात. महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, असं वाटतं. पण मुठेलातही असणारं ओलिक आम्ल त्यात फारच जास्त असतं आणि निरोगी मोठ्या माणसांच्या त्वचेवरसुद्धा त्याने ती भिंत कमकुवत झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. उलट ढाक्याच्या शिशू रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, तेव्हा रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळलं. हा अभ्यास 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑलिव्हचं आणि सूर्यफुलाचं, दोन्ही वनस्पतीचीच तेलं, पण गुण वेगळे.

चेहऱ्यावर लिंबू मात्र चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की डाग आणि फोड येऊ शकतात. कोरफड कापलीत तर पान उभं धरून पिवळा चीक आधी गळू द्या, त्याने खाज सुटते. गर त्याच दिवशी वापरा. घरी केलेल्या पाणीदार क्रीममध्ये टिकवणारं काही नसलं की त्यात जंतू वाढतात, वरून दिसले नाहीत तरी. मुरुमं येणाऱ्यांनी तोंडाला खोबरेल टाळलेलं बरं.

लावायची वेळ आंघोळीनंतरची, अंग टिपल्यावर थोडी ओल असतानाच. नवीन काही आणलंत तर आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. टाचांना मुठेल लावायचं तर रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसा, गोळा तळहातावर घासून मऊ झालेला थर भेगांवर दाबून बसवा आणि मोजे घाला.

आजी पळी निखाऱ्यावर धरून मुठेल पातळ करायची आणि कापसाच्या बोळ्याने भेगेत सोडायची. चटका बसायचा, आम्ही पाय मागे ओढायचो, ती घोटा घट्ट धरून ठेवायची. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच्या पायावर हे अजिबात करू नका. त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलं तरी कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांच्या टाचा रोज उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांत काही चोपडू नका, आणि भेगेतून रक्त किंवा पाणी येताना दिसलं तर गोळा डब्यात राहू द्या आणि त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

नमस्कार.