उबुंटू काढलं, तरी ग्रब कसं काय उरलं?

नारायण पेठेत जिना चढून गेलं की डाव्या हाताला हे दुकान. टेबलावर उघडे लॅपटॉप, स्टीलच्या वाटीत स्क्रू आणि समोर इंजिनिअरिंगचा एक मुलगा तोंड बारीक करून बसलाय. त्याला उबुंटूच्या जागी डेबियन (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकायचं होतं, म्हणून त्यानं विंडोजमधूनच उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कमधला त्याचा कप्पा, डिलीट मारलं, रीस्टार्ट केलं आणि आता हे बघा, काळी स्क्रीन, ग्रबचा (सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा) व्हर्जन नंबर, खाली लुकलुकणारा कर्सर, बाकी काही नाही.

"काका, विंडोज पण उडालं का?"

"काही उडालेलं नाहीये रे. बस जरा."

झालंय काय, तर यूईएफआय (मशीन सुरू करायची हल्लीची पद्धत) असलेल्या मशीनमध्ये ग्रबची पहिली फाइल असते ईएफआय पार्टिशनवर, फॅट३२ मधलं ते छोटंसं पार्टिशन, विंडोजची बूट फाइलही तिथंच शेजारी. मेनू मात्र उबुंटूच्या पार्टिशनमधून वाचला जायचा, आणि तेच गेलं. पाटी भिंतीवर तशीच, आतलं दुकान उठलं.

दुकानदार काका मशीन सुरू होताच एफ१२ दाबतात (काही मशीनला एफ९ लागतं), विंडोज बूट मॅनेजर निवडतात आणि विंडोज जसंच्या तसं उघडतं. पोराचा जीव भांड्यात पडतो. इथंच कितीतरी जण घाबरून अख्खी डिस्क फॉरमॅट करतात, प्रोजेक्ट, फोटो सगळं घालवतात, काहीएक गरज नसताना!

आता बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची, मग पेन ड्राइव्हवरून डेबियन. रिकाम्या जागेत रूट, म्हणजे डेबियनचं मुख्य पार्टिशन. ईएफआय पार्टिशन जुनंच वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही, आणि इथं काका चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनला नाक लावून दोनदा वाचतात मगच एंटर मारतात.

इन्स्टॉल झालं. बूटच्या यादीत डेबियन, विंडोज आणि अजून उबुंटू! ती नोंद ईएफआयबूटएमजीआर या, बूटची यादी सांभाळणाऱ्या कमांडनं नंबर देऊन उडवायची. ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही, कारण २०२१ च्या २.०६ व्हर्जनपासून इतर सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद असतं, इन्स्टॉलच्या वेळी चालू केलं नाही तर सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर' पुढं 'फॉल्स' लिहायचं, म्हणजे बंद करणं बंद, असला उलटा कारभार. मग अपडेट-ग्रब, मेनू नव्यानं बनवणारी कमांड. स्क्रीनवर ओळ येते, फाउंड विंडोज बूट मॅनेजर.

"विंडोज अपडेटनंतर परत बिघडलं तर?"

"बूटची ऑर्डर बदलली असेल, ती परत लाव. पार्टिशनला हात लावू नकोस. आणि चार्जर विसरलास बघ."