पाहुणा निघाला, बुके राहिला

[दृश्य: पहाटे चार. दादर स्टेशनच्या पश्चिमेचा फुलबाजार.]

मुंबई अजून झोपलीय, पण इथे पाय ठेवायला जागा नाही. झेंडूची पोती, मोगऱ्याच्या पाट्या, त्यातून वाट काढत ओरडणारे हमाल. हाराची फुलं किलोवर जातात, बुकेची गड्डीवर. गुलाबाची गड्डी वीस काड्यांची, जर्बेराची दहाची. मुरलेला गिऱ्हाईक पाकळ्यांचा रंग नंतर बघतो. आधी कळीचं बूड दोन बोटांत हलकेच दाबतो. घट्ट लागलं तर माल ताजा. मऊ लागलं तर गड्डी परत ठेवून पुढे.

यातलीच एखादी गड्डी दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत पोचेल. करारावर सह्या, हस्तांदोलन, पुष्पगुच्छ, फोटो. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ हा आपल्याकडच्या सत्काराचा ठरलेला क्रम. कंपन्यांनी शाल-श्रीफळ गाळलं, पुष्पगुच्छ तेवढा ठेवला.

[दृश्य: मावळ. पॉलिहाऊसमधल्या गुलाबाच्या रांगा.]

यातला बराच गुलाब येतो तळेगाव, वडगाव, पवनेच्या खोऱ्यातून. ‘टॉप सीक्रेट’ हा इथला लाडका लाल वाण. कळी मिटलेली असतानाच काडी कापायची, लगेच पाण्यात ठेवायची, मग शीतगृहात. काडी जितकी लांब, तितका भाव जास्त. फेब्रुवारीत प्रेमिकांचा दिवस साधायचा म्हणून इथे छाटणीचा हिशेब डिसेंबरातच मांडलेला असतो. उमलायची वेळ शेतकरी दोन महिने आधी धरतो. बुके देणारी कंपनी मात्र बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी जागी होते.

[दृश्य: बुकेवाल्याचे हात.]

काड्या खोचायचा हिरवा फोम पाण्यावर नुसता सोडायचा. आपोआप बुडेपर्यंत थांबायचं. घाईने दाबला की आत कोरडी पोकळी राहते, आणि त्या जागी खोचलेली काडी दुपारपर्यंत मान टाकते. दिसायला बुके भरगच्च, आतून तहानलेला. हाच फोम पुढे कचऱ्यात वर्षानुवर्षं कुजत नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी चूक टोपलीतली. सफरचंदं आणि कार्नेशन एकत्र रचले की फोटोत छान दिसतात. पण पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि कार्नेशन त्याला फार हळवं. फळं रसरशीत राहतात, फुलं मिटतात.

आणि तिसरी चूक महागात पडणारी. चाकणच्या कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे असतात. आपल्याला शेवंती म्हणजे मंगल: देवाला, वेणीला, मांडवाला. पण फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातात. जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीची. रशियात फुलांची संख्या सम असली की ती मृतासाठी समजतात. तिथे हौसेने दिलेला डझनभर गुलाबांचा गुच्छ घेणाऱ्याला दचकवेल. त्याच जपानमध्ये नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाला पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी पाठवायची रीत आहे. पांढरा रंग तोच, फूल बदललं की अर्थ उलटा.

बुकेला विरोधही झालाय. जून 2017 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून बुकेऐवजी पुस्तक द्या असं सुचवलं. पाठोपाठ गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की पंतप्रधानांच्या दौऱ्यात पुष्पगुच्छ नको. फार तर एक फूल, सोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक. ‘बुके नको, बुक द्या’ आपल्याकडेही घुमलं. फुलशेती करणाऱ्याला ते बोचणारच. पण एका फुलाची कल्पना मला वाईट वाटत नाही. फोम नको, सेलोफेन नको, आणि शेतकऱ्याचा माल आहेच.

व्यवसायातली नाती घट्ट व्हायला मोठाच गुच्छ लागतो असं थोडंच आहे? खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूचं तोरण, फोर्कलिफ्टला हार, कंट्रोल पॅनेलवर हळदकुंकू. दसऱ्याला सुटे भाग पुरवणारा छोटा उद्योजक आपट्याची दोन पानं घेऊन मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात डोकावतो. “सोनं घ्या साहेब.” वर्षभर बिलांवरून घासाघीस करणारे दोघं त्या दिवशी गळाभेट घेतात. थकलेल्या बिलाची आठवण तेव्हा कुणी काढत नाही. ती दुसऱ्या दिवशी.

[दृश्य: हॉटेलची लॉबी, रात्रीची वेळ.]

समारंभ आटोपला. पाहुण्याचं रात्री उशिराचं विमान आहे. हातात बॅग, लॅपटॉप, आणि अडीच फुटी बुके. तो घेऊन विमानात कसा जाणार? दोन क्षण घुटमळतो, मग तो स्वागतकक्षाच्या टेबलावर ठेवतो आणि गाडीत बसतो. तोच गुच्छ आदल्या सकाळी, त्याच्या खोलीत, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींसह पोचवता आला असता. निदान एक दिवस त्याच्या डोळ्यांसमोर राहिला असता.

पाळी संपवून निघालेल्या सफाईच्या मावशी टेबलापाशी थांबतात. विचारून घेतात. प्लॅस्टिक सोडवतात, रिबीन गुंडाळून पिशवीत टाकतात. मग गुलाबांतला एक काढून अंबाड्यात खोचतात आणि उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून शेवटची लोकल गाठायला निघतात.