बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बंधुभगिनींनो, तारणाची खात्री आणि आत्मिक वाढ या दोन गोष्टींचा क्रम आपल्या मंडळ्यांमध्ये नकळत उलटा लावला जातो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आधी प्रार्थनेत सातत्य यावे, राग आटोक्यात यावा, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवासाठी न चुकता सुटावा, आणि एवढे सगळे जमले म्हणजे मग ‘माझे तारण झाले आहे’ असे म्हणण्याचे धैर्य करावे, अशी समजूत मनात कुठेतरी घर करून असते. तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्रातील वचन आपल्याला तोंडपाठ असते. तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आपण दिवसभराचा जमाखर्च मांडतो आणि त्या शिलकीवरून देवाच्या मनात आपल्याविषयी काय असेल याचा अंदाज बांधतो. वाढीतून खात्री मिळवण्याची ही खटपट किती प्रामाणिक असू शकते आणि तरीही किती थकवणारी ठरते, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात जेवढे स्पष्ट दिसते तेवढे क्वचितच दुसरीकडे दिसेल.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तो निर्णय उथळ नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थाटनात गेलेले बालपण, व्रते, उपासतापास, पुराणकथन आणि पुढे दुष्काळात आईवडिलांचा अंत हे सारे त्यांनी सोसले होते. ख्रिस्ती झालेले ब्राह्मण पंडित नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांची पुण्यातच चर्चा झाली होती. वाँटेजच्या भगिनीसंघाने, म्हणजे अँग्लिकन जोगिणींच्या मठाने, लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवला होता. तो पाहून रमाबाई हेलावल्या, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकल्यावर ख्रिस्तच जगाचा तारणारा आहे असे त्यांच्या बुद्धीला पटले. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत, चमत्कार, चर्चचा अधिकार या प्रश्नांवर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी केलेला पत्रव्यवहार आजही वाचण्याजोगा आहे. नंतर अमेरिकेचा प्रवास झाला, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काय कमी दिसेल? शास्त्राभ्यास होता, त्याग होता, सेवा होती. तरी 1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅसलम हे दीक्षित पाळक होते, अनेक वर्षे व्यासपीठावरून बोलत होते, आणि 1851 साली स्वतःच उपदेश करीत असताना त्यांचे परिवर्तन झाले. उपदेशकाचेच परिवर्तन त्याच्याच उपदेशात व्हावे, याचे मंडळीतल्या काहींना हसू आले असेल. शारदा सदनाच्या चालिकेला मात्र त्यात आपले प्रतिबिंब दिसले. आपण पात्र होईपर्यंत देव थांबत नाही, पात्रता नसतानाच तो प्रेमाचा वर्षाव करतो, हे त्यांनी पवित्र शास्त्रात यापूर्वी किती वेळा वाचले असेल! आता ते वचन त्यांनी स्वतःला उद्देशून दिलेले म्हणून घेतले. तीर्थयात्रा करणाऱ्या मुलीचे कष्ट बाप्तिस्म्याने संपले नव्हते. ते नाव बदलून चालूच राहिले होते, आणि येथे ते संपले.

खात्री मिळाली की माणूस सैल होतो, असा एक जुना आक्षेप आहे. 1547 साली रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने, आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कोणी चूक होऊच शकणार नाही अशा निश्चितीने जाणू शकत नाही, असे ठरवले, त्यामागे हीच काळजी काही अंशी होती. ती काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण रमाबाईंच्या बाबतीत काय घडले ते पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यातील प्लेगचे निर्बंध आडवे आले, तेव्हा पुण्याजवळच्या केडगावच्या मोकळ्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. जिला आपले तारण कमवायचे नव्हते, तिच्या हातून झालेले हे काम आहे. फिलिप्पैकरांस पत्रात पौल आपले तारण भीत व कांपत साधून घेण्यास सांगतो आणि लगेच पुढच्या ओळीत, इच्छा व कृती दोन्ही साधून देणारा देवच आहे, असेही सांगतो. या दोन वाक्यांपैकी एकच वाचणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

तर मग खात्री कशावर उभी राहते? योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी लिहिण्याचा हेतूच सांगतो: देवाच्या पुत्राच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावे. मात्र त्याच पत्रात तो बंधुप्रीतीची आणि आज्ञापालनाची कसोटीही लावतो, आणि जो भावाचा द्वेष करतो त्याची खात्री खोटी ठरवतो. म्हणून पाया ख्रिस्ताचे अभिवचन, आणि जीवनातील फळ ही त्या पायाची बाहेरून दिसणारी खूण, असे मी मानतो. फळच पाया मानले की प्रामाणिक माणूस निराश होतो आणि दांभिक माणूस निर्धास्त.

भावनेला पाया मानणाऱ्यांनी मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींची रोजनिशी वाचावी. 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत आपले हृदय विलक्षण उबदार झाले आणि ख्रिस्ताने आपलीही पापे हरण केली याची खात्री पटली, असे ते लिहितात. हा प्रसंग प्रत्येक मेथडिस्ट उपदेशकाला ठाऊक असतो. पण त्यानंतर आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा 4 जानेवारी 1739 रोजी त्याच वेस्लींनी आपण अजून ख्रिस्ती नाही असे लिहून ठेवले, कारण देवावरील प्रेम, आनंद, शांती ही आत्म्याची फळे आपल्यात नाहीत असे त्यांना वाटले. हा दुसरा उतारा सहसा कोणी वाचून दाखवत नाही. लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी 1646 साली याविषयी मोठे शहाणपणाचे विधान केले: खात्री ही विश्वासाच्या गाभ्याशी इतकी जोडलेली नाही; खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते. शंका आली म्हणून विश्वास संपला, असे तेही म्हणत नाहीत.

1905 च्या जूनमध्ये केडगावात आत्मिक पुनरुज्जीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झाली. मुली रडल्या, मोठ्याने पापे कबूल केली, रात्र रात्र प्रार्थना चालल्या. त्याच्या आठवणी आजही मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. माझ्या मते त्याहून अधिक लक्ष द्यावे ते पुढच्या वर्षांकडे, ज्यांत सांगण्यासारखे प्रसंग थोडे आहेत. इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अडाणी बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत रमाबाई पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, आणि मुद्रिते तपासून पुन्हा जुळणीला गेली. पहाटेचा शब्दशोध, दुपारचा आश्रमाचा हिशेब, संध्याकाळची उपासना असे ते दिवस असणार. जुलै 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तोवर ते जवळजवळ पुरे होत आले होते. पेत्र आपल्या दुसऱ्या पत्रात विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची आणि मग धीराची भर घालण्यास सांगतो. ती भर बहुधा अशीच पडत असावी, आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नसावी.

शेवटी, आपल्या मंडळ्यांतल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या मुलामुलींविषयी बोलले पाहिजे. त्यांना रमाबाईंसारखा धर्मत्याग करावा लागलेला नाही, घरादाराशी तुटावे लागलेले नाही. पाळण्यात बाप्तिस्मा, मग शब्बाथशाळा, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) आणि नाताळची गाणी. साक्षीच्या सभेत कोणी ‘तुमचे तारण कोणत्या तारखेला झाले?’ असे विचारले की ही मुले गोंधळतात, आणि काही जण लाजेकाजेस्तव एखादी तारीख सांगून मोकळे होतात. तीमथ्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून विश्वास मिळाला. त्याला तारीख विचारल्याचे पौलाच्या पत्रांत कुठे आढळत नाही. ‘आज तू कोणावर भरवसा ठेवून आहेस?’ एवढेच त्या मुलाला विचारावे. त्याला नीट उत्तर देता आले नाही, तर त्याला मंडळीपुढे उभे न करता, पाळकाने किंवा घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने योहानाचे शुभवर्तमान उघडून आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याबरोबर वाचायला बसावे, आणि चौथ्या अध्यायाशी पोचल्यावर घाई करू नये.