गव्हाणीतला निवडुंग

(पहाट. निवडुंगाच्या रांगा, कोयता.)

आपण ज्याला निवडुंगाचं पान म्हणतो, ते खरं तर खोड. मूळच्या पानांचे काटे झाले, आणि या जातीत तेही जवळजवळ उरले नाहीत. कोकरांच्या चाऱ्यासाठी ते तोडताना कोयता सांध्यावरच टेकवायचा. मधेच कापलं, तर जखम कुजते.

उन्हात बाकीचं रान माना टाकतं, तेव्हा निवडुंग आपली रंध्रं, म्हणजे अंगावरची बारीक छिद्रं, मिटून घेतो. हवा आत घेतो ती रात्री, आणि तिच्यातला कार्बन आम्लाच्या रूपानं साठवतो. म्हणून पहाटेचं पान जिभेला जास्त आंबट लागतं, दुपारचं कमी. मेक्सिकोतला हा निवडुंग आज ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या पट्ट्यात जनावरांचा मोठा आधार आहे. ट्युनिशियात मेंढ्यांना बार्लीऐवजी तो देऊन पाहिला गेला आहे. आपण अजून त्याला कुंपणावरच उभा ठेवतो.

(ज्योत. काटे जळताना.)

काटेरी जात असेल, तर आधी ही ज्योत. पान शिजवायचं नाही. काटे आणि बारीक कूस झडेपर्यंत फिरवायचं. राहिलेली कूस कोकराच्या ओठांत, जिभेत रुतते.

(कुट्टी. घमेल्यात कालवण.)

10 किलो पानांत 9 किलोच्या आसपास पाणीच. उरल्या किलोत साखर भरपूर, प्रथिनं अगदी थोडी. नुसता निवडुंग खाऊन कोकरू भरत नाही, उलट हगवण लागते. म्हणून कुट्टीत कोरडं काड हवंच. प्रथिनांसाठी पेंड, किंवा वेड्या बाभळीच्या शेंगा. त्या दळूनच द्यायच्या, कारण अख्खं बी लेंडीतून जसंच्या तसं पडतं आणि तिथंच उगवतं. युरिया घालायचाच, तर एकूण कोरड्या खाद्याच्या 1 टक्क्याच्या आत, आणि हातानं पुन्हा पुन्हा कालवून. एक गुठळी कोकराचा जीव घेऊ शकते.

पहिल्या दिवशी मूठभर. पूर्ण खुराकावर यायला दोन आठवडे लागू द्या. कोठीपोटातल्या, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंनाही नव्या चाऱ्याची सवय व्हावी लागते.

(पाण्याचा हौद.)

हा हौद सकाळी भरला होता. आता दुपार आहे. कोकरं हौदाला तोंड लावून गेली, पण पाणी फारसं उतरलेलं नाही. त्यांची बरीचशी तहान गव्हाणीतच भागली. कोरड्या मुलखात मला या चाऱ्याचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

याच कुळातल्या निवडुंगानं ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या सुरुवातीला अफाट जमीन व्यापली होती, म्हणून लावणी आखून आणि राखूनच करावी.

(वजनकाटा. झोळीतलं कोकरू. निवेदन नाही.)

(सावलीत पसरलेली पानं.)

ही पानं लावणीसाठी राखलेली. काप सुकून त्यावर खपली धरली, की जमिनीत उभी करायची. ओली लावली, तर सडतात.